पहिल्या दहा चाली

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात क्लब हाउसमध्ये झालेलं भाषण. स्मरणिकेसाठी लिहून देताना थोडी काटछाट केली आहे, पण बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



सचिवांनी मला सांगितलं, "वीस मिनिटं बोला, कशावरही बोला, फक्त पार्किंगवर आणि रिडेव्हलपमेंटवर बोलू नका." म्हटलं, मग राहिलं काय? बुद्धिबळ! गेली बरीच वर्षं उन्हाळ्याच्या सुट्टीत याच हॉलमध्ये मी मुलांना बुद्धिबळ शिकवतो. शिकवतो म्हणजे, मोठा खेळाडू आहे म्हणून नाही. बँकेतून निवृत्त झालो, हातात वेळ होता आणि घरात मी दिवसभर असण्याची कुणालाच सवय नव्हती. म्हणून खाली आलो.

आजचा विषय अगदी छोटा आहे. नवीन शिकणाऱ्यानं डावाची सुरुवात कशी करावी? पट मांडला, सोंगट्या लावल्या, आता पहिली चाल कुठली? मुलं मला हाच प्रश्न सगळ्यात जास्त वेळा विचारतात. आणि याच प्रश्नाचं मी एकदा फार चुकीचं उत्तर दिलं होतं. ते काय होतं आणि त्याचं पुढे काय झालं, हेही आज सांगणार आहे. पंचवीस वर्षांच्या हिशेबात एक चूक कबूल करायला हरकत नाही.

आधी माझी स्वतःची सुरुवात सांगतो. माझं लहानपण सांगली जिल्ह्यातलं. सांगलीला बुद्धिबळाची पंढरी म्हणतात. भाऊसाहेब पडसलगीकरांनी तिथे नूतन बुद्धिबळ मंडळाच्या मार्फत पिढ्यान्‌पिढ्या मुलांना खेळायला लावलं. पण आमचं गाव आडबाजूला. तिथे मला खेळ शिकवला आजोबांनी, ओट्यावर, देशी नियमांनी. आमच्या घरी प्यादं पहिल्या चालीलासुद्धा एकच घर पुढे जायचं. किल्लेकोट नव्हता. शह लागला नसेल तर राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता यायची. आणि प्याद्यानं मात केली तर आजोबा दोन दिवस खुशीत असायचे. या खेळात घाई नसायची. दोघंही आधी आपापलं घर सावकाश लावून घ्यायचे, मग लढाई.

या शिदोरीवर मी बँकेत लागलो आणि ऑफिसच्या स्पर्धेत नाव दिलं. समोर एक तरुण कारकून. माझ्याकडे काळी सोंगटी. मी विचार केला, हत्ती सगळ्यात दणकट, त्याला आधी बाहेर काढू. म्हणून कडेचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं आणि पुढच्या चालीला हत्ती प्याद्याच्या मागून दोन घरं वर आणला. आता बघा, मुलांनो, भिंतीवरच्या पटावर बघा. समोरच्यानं राजापुढचं प्यादं पहिल्याच चालीत सरकवलं होतं, त्यामुळे त्याच्या उंटाची तिरकी रेघ मोकळी झाली होती. तिसऱ्या चालीला त्याचा उंट सरळ आला आणि माझा हत्ती घेऊन गेला. चहा अजून टेबलावर यायचा होता! तो मुलगा नम्रपणे म्हणाला, "साहेब, हत्ती शेवटी बाहेर काढतात." हे वाक्य मी आजपर्यंत विसरलेलो नाही.

देशी नियमांवर वाढलेला एक माणूस मात्र असा झाला की त्यानं जगाला दमवलं. मीर सुलतान खान. फाळणीपूर्वीच्या पंजाबातला. भारतात देशी पद्धतीनंच खेळायला शिकला. सर उमर हयात खान यांच्याबरोबर विलायतेला गेला आणि १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा जिंकला. हेस्टिंग्जला १९३०-३१ च्या स्पर्धेत त्यानं कॅपाब्लांकाला हरवलं, म्हणजे माजी विश्वविजेत्याला! पण जाणकार सांगतात की त्याची डावाची सुरुवात कच्ची असायची. परक्या नियमांची सुरुवात त्याला मोठेपणी शिकावी लागली. सुरुवातीला झालेलं नुकसान तो मधल्या डावात भरून काढायचा. आता तो सुलतान खान होता, त्याला ते जमलं. आपण सुलतान खान नाही. म्हणून आपण सुरुवात नीट करायची.

आता पटाकडे वळू. घरांची नावं सोपी आहेत. पांढऱ्याच्या डावीकडून उभ्या पट्ट्या ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच. आडव्या ओळी १ ते ८, पांढऱ्याच्या बाजूनं मोजायच्या. मधली चार घरं म्हणजे डी४, ई४, डी५, ई५. हा पटाचा चौक. गावात चौकात उभा राहिलेल्या माणसाला चारही रस्ते दिसतात, कोपऱ्यातल्या गल्लीत उभ्या राहिलेल्याला फक्त भिंत दिसते. घोड्याचंच बघा. मधोमध उभा असेल तर त्याला आठ घरं मिळतात. कोपऱ्यात उभा असेल तर दोनच.

पांढऱ्याला पहिल्या चालीसाठी वीस पर्याय असतात. प्याद्यांच्या सोळा चाली आणि घोड्यांच्या चार. काळ्यालाही वीस. म्हणजे दोघांची एकेक चाल झाली की पटावर चारशे वेगवेगळ्या स्थिती होऊ शकतात. हे सगळं पाठ कोण करणार? कुणीच नाही. म्हणून चाली पाठ करण्याआधी तीन कामं पाठ करायची. एक, चौकात पाय रोवणं. दोन, घोडे आणि उंट घराबाहेर काढणं. तीन, राजाला सुरक्षित जागी नेणं. पहिल्या दहा चालींत आपली प्रत्येक चाल या तीनपैकी एखादं काम करते का, एवढंच स्वतःला विचारायचं.

मी नवीन मुलांना जी सुरुवात शिकवतो तिचं नाव इटालियन. शेकडो वर्षं जुनी, आणि जगातले मोठे खेळाडू आजही खेळतात.

पहिली चाल, राजापुढचं प्यादं दोन घरं, ई४. एका चालीत दोन कामं झाली. प्यादं चौकात आलं आणि उंट व वजीर दोघांचे रस्ते उघडले. काळाही तेच करतो, ई५.

दुसरी चाल, राजाच्या बाजूचा घोडा एफ३ वर. तो बाहेर आला आणि येता येता काळ्याच्या ई५ प्याद्यावर त्यानं डोळा ठेवला. काळा आपला घोडा सी६ वर आणून प्यादं राखतो.

तिसरी चाल, उंट सी४ वर. इथून त्याची नजर थेट एफ७ वर जाते. हे घर लक्षात ठेवा. सुरुवातीला काळ्याच्या एफ७ प्याद्याला राखणारा एकटा राजाच असतो. सगळ्या इमारतीत तेवढंच एक दार असं आहे की ज्याला वॉचमन नाही. पांढऱ्याच्या बाजूला तसंच घर एफ२. काळाही आपला उंट सी५ वर आणतो आणि त्या घराकडे बघत बसतो. इथपर्यंत दोघं बरोबरीत.

चौथी चाल, डी३. वजिरापुढचं प्यादं एकच घर. ई४ च्या प्याद्याला आधार मिळाला आणि दुसऱ्या उंटाला रस्ता मिळाला. पाचवी चाल, किल्लेकोट. राजा दोन घरं सरकून जी१ वर, हत्ती त्याच्यावरून उडी मारून एफ१ वर. सहावी, दुसरा घोडा सी३ वर. सातवी, दुसरा उंट ई३ वर. आठवी, वजीर डी२ वर, एकच पाऊल, पण त्यामुळे दोन्ही हत्तींच्या मधली वाट मोकळी झाली. नववी, कोपऱ्यातला हत्ती डी१ वर. दहावी, दुसरा हत्ती ई१ वर.

मोजा आता. दोन प्यादी, दोन घोडे, दोन उंट, एक किल्लेकोट, एक वजीर, दोन हत्ती. दहा चाली. किल्लेकोटाची उडी सोडली तर कुणीही दोनदा चाललं नाही आणि कुणीही घरात झोपून राहिलं नाही. समोरचा मध्ये काहीतरी वेगळं करणारच, त्यामुळे या दहा चाली याच क्रमानं क्वचितच होतील. त्यानं तुमच्या मोहऱ्यावर हल्ला केला तर आधी तो बघायचा. तो निस्तरला की पुन्हा विचारायचं, माझ्यातलं कोण अजून बाहेर आलं नाही? त्याला बाहेर काढायचं.

आता ती चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. गणेशोत्सवात आपल्याकडे मुलांची बुद्धिबळ स्पर्धा ठेवली होती. स्पर्धेच्या आधी मुलं माझ्या मागे लागली, "काका, लवकर कसं जिंकायचं ते शिकवा ना." मलाही मुलांमध्ये भाव खायचा होता, खोटं कशाला बोलू. मी त्यांना चार चालींची मात शिकवली. राजापुढचं प्यादं, मग वजीर एच५ वर, उंट सी४ वर, आणि वजिरानं एफ७ चं प्यादं खाऊन मात. वजिराच्या पाठीशी उंट असतो म्हणून राजाला वजीर खाता येत नाही. मुलं नुसती उड्या मारत होती.

स्पर्धेत सी विंगमधला दहा वर्षांचा एक मुलगा बी विंगमधल्या सात वर्षांच्या मुलीसमोर बसला. ती माझ्याकडे नुकतीच यायला लागली होती. मोहरे कसे चालतात एवढंच तिला येत होतं. तिची आजी खास खुर्ची आणवून मागे बसली होती. नातीचा पहिला सामना! चार चाली झाल्या, मात झाली. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. बाकीची मुलं ओरडली, "चार चालीत! चार चालीत!" ती मुलगी काही बोलली नाही. रडलीसुद्धा नाही. उठली आणि आजीचा हात धरून घरी गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही, दिवाळीच्या सुट्टीत आली नाही. बुद्धिबळाचा डबा घरात माळ्यावर गेला असं कळलं.

पुढे एकदा लिफ्टमध्ये आजी भेटल्या. मी विचारलं, "नात येत नाही हल्ली?" त्या म्हणाल्या, "अहो, ते चार चालींचं त्या मुलाला तुम्हीच शिकवलंत ना?" मी म्हटलं, हो. त्या म्हणाल्या, "मग त्यातून वाचायचं कसं, ते माझ्या नातीला का नाही शिकवलंत?"

लिफ्ट तळमजल्यावर आली. दार उघडलं. मला उत्तर देता आलं नाही. आयुष्यभर बँकेत लोकांना उत्तरं दिली, पण या प्रश्नाला उत्तर नव्हतं. त्या मुलाची चूक नव्हती, त्यानं जे शिकवलं ते केलं. चूक माझी होती. मी मुलांना खेळ शिकवायच्या ऐवजी फसवायचं कसं ते शिकवलं होतं. आणि तेही अर्ध्यांनाच, कारण ती मुलगी त्या दिवशी शिकवणीला आलीच नव्हती.

त्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेलो. मुलगी आतल्या खोलीतून बाहेर येईना. आजी म्हणाल्या, "ती नाही बसणार. मला शिकवा. मी तिला शिकवीन." वय तेव्हा सत्तरीच्या घरात. मी पट मांडला. चहा झाला. आणि खरं सांगतो, इतकी चांगली विद्यार्थिनी मला नंतर मिळाली नाही. प्रत्येक चालीला त्या विचारायच्या, "का?" त्यांना कारण पटल्याशिवाय हात पुढे यायचा नाही.

चार चालींच्या मातेचा बचाव आता तुम्हीही बघा. ई४, ई५. पांढऱ्याचा वजीर एच५ वर आला. नवीन मुलाला वाटतं, वजिराला लगेच हाकलावं, म्हणून तो जी प्यादं एक घर पुढे टाकतो. तिथेच फसतो. वजीर ई५ चं प्यादं खाऊन राजाला शह देतो आणि त्याच वेळी कोपऱ्यातल्या हत्तीवर नजर ठेवतो. राजा वाचवावा तर हत्ती गेला. म्हणून आधी घोडा सी६ वर आणून ई५ चं प्यादं राखायचं. आजींनी हे त्यांच्या भाषेत पक्कं केलं. "म्हणजे सकाळी सकाळी दारात कुणी भांडायला आलं, तरी आधी गॅसवरचं दूध बघायचं, मग दार उघडायचं." मी म्हटलं, अगदी बरोबर!

पुढे पांढऱ्याचा उंट सी४ वर येतो. आता मातेची धमकी खरी आहे. आता जी६ खेळायचं, वजिराला हाकलायचं. तो एफ३ वर जातो आणि पुन्हा एफ७ वर डोळा ठेवतो. मग आपला दुसरा घोडा एफ६ वर, मध्ये आडवा. झालं. धमकी संपली. आता मोजा. काळ्याचे दोन्ही घोडे बाहेर आले. पांढऱ्याचा वजीर दोनदा चालला, आणि जाऊन बसला तो नेमका त्याच्याच घोड्याच्या जागेवर. ज्यानं फसवायला घाई केली तोच मागे पडला. म्हणून नवीन मुलांनी वजीर लवकर बाहेर काढू नये. वजीर सगळ्यात मोठा मोहरा आहे खरा, पण म्हणूनच प्यादं, घोडा, कुणीही त्याच्यावर धावून गेलं की त्याला पळावं लागतं. आणि तो पळतो तेवढ्या वेळात समोरच्याचं अख्खं सैन्य बाहेर येतं.

अशीच एक गंमत दामियानो बचावाची. ई४, ई५, पांढऱ्याचा घोडा एफ३ वर आला की काही मुलं ई५ चं प्यादं राखायला एफ प्यादं एक घर पुढे टाकतात. नका टाकू. पांढरा घोड्यानं ई५ चं प्यादं खातो. तुम्ही प्याद्यानं तो घोडा मारलात तर वजीर एच५ वर येऊन शह देतो आणि तुमचा राजा उघड्यावर सापडतो. पोर्तुगालच्या दामियानोनं १५१२ साली छापलेल्या पुस्तकात ही चाल वाईट आहे म्हणून सांगितलं होतं. पण चालीला नाव पडलं त्याचंच! सर्वसाधारण सभेत एखाद्या ठरावाला विरोध करणाऱ्याच्याच नावानं पुढे तो ठराव ओळखला जातो, तसं झालं बिचाऱ्याचं.

काळ्याकडून खेळताना काय करायचं? सोपं ठेवा. पांढऱ्यानं ई४ केलं तर ई५. त्यानं वजिरापुढचं प्यादं दोन घरं टाकलं तर आपणही डी५. मग घोडा एफ६ वर, ई प्यादं एक घर, उंट ई७ वर आणि किल्लेकोट. पाच चालींत राजा घरात सुरक्षित.

ज्यांना पांढऱ्याकडून शांत खेळ आवडतो त्यांनी लंडन पद्धत खेळून बघावी. डी४, मग उंट एफ४ वर. त्यानंतरच ई प्यादं एक घर, नाहीतर तो उंट आतच अडकतो. मग घोडा एफ३, दुसरा उंट डी३, किल्लेकोट. समोरच्यानं काहीही केलं तरी बहुतेक वेळा ही मांडणी उभी राहते.

आणि हल्ली मुलं मला 'गॅम्बिट' विचारतात. २०२० साली आलेल्या 'द क्वीन्स गॅम्बिट' मालिकेनंतर तर फारच. गॅम्बिट म्हणजे एखादं प्यादं मुद्दाम देऊन त्याच्या बदल्यात वेळ किंवा जागा मिळवणं. हा शब्द इटालियन भाषेतून आला, अर्थ पाय घालून पाडणं. आपल्या कुस्तीतल्या मंडळींना सांगायला नको, आपल्याकडे तो डाव टांग म्हणून ओळखला जातो. पण टांग मारायची तर आधी स्वतःचा तोल हवा. म्हणून आधी इटालियन, मग गॅम्बिट.

नियम कधी मोडायचा, तेही सांगतो. इटालियनमध्ये काळ्यानं तिसऱ्या चालीला उंटाऐवजी घोडा एफ६ वर आणला, तर पांढरा आपला घोडा दुसऱ्यांदा हलवून जी५ वर नेऊ शकतो. एकच मोहरा दोनदा चालला, पण कारण आहे. उंट आणि घोडा दोघं मिळून एफ७ वर तुटून पडलेत. काळ्यानं इथे डी५ करून उंटाची रेघ अडवायची. पांढरा प्याद्यानं ते प्यादं मारेल. तेव्हा ते घोड्यानं परत मारायची घाई करू नका. सी६ चा घोडा ए५ वर नेऊन उंटावरच हल्ला करा. घोड्यानं परत मारलंत तर पांढरा एफ७ वर घोडा बळी देऊन तुमच्या राजाला भर चौकात ओढतो. म्हणजे नियम मोडायला हरकत नाही, पण कारण हवं. कारण सांगता येत नसेल तर नियम पाळावा.

सगळे मोहरे बाहेर काढण्याचं सामर्थ्य बघायचं असेल तर पॉल मॉर्फीचा एक डाव घरी जाऊन जरूर लावा. १८५८ साल, पॅरिसचं ऑपेरागृह. एकीकडे अमेरिकेचा तरुण मॉर्फी, दुसरीकडे ब्रन्सविकचे ड्यूक आणि काउंट इझुआर, दोघं मिळून. सतराव्या चालीला डाव संपला. मॉर्फीनं सोळाव्या चालीला वजीर दिला आणि पुढच्याच चालीला हत्तीनं मात केली. मात झाली तेव्हा काळ्याचा एक उंट आणि एक हत्ती आपल्या मूळ घरातून हललेच नव्हते. मॉर्फीकडे मात्र कुणी घरी बसलं नव्हतं. सुरुवातीला कोपऱ्यात उभ्या असलेल्या हत्तीनंच शेवटी काम केलं.

हे सगळं आजींनी हिवाळाभर नातीला शिकवलं. मध्येच त्या मला खाली गाठून विचारायच्या, "किल्लेकोट करताना राजा शहातून जाऊ शकतो का?" नाही जाऊ शकत. "हत्ती आधी हलला असेल तर?" तरीही नाही. त्या नीट वहीत लिहून घ्यायच्या. एकदा मी त्यांना खाडिलकर भगिनींबद्दल सांगितलं. मुंबईच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी, तिघी सख्ख्या बहिणी. १९७४ साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा वासंतीनं जिंकली आणि पुढची कित्येक वर्षं अजिंक्यपद त्याच घरात फिरत राहिलं. आजी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "आमच्या वेळी कुणी सांगितलंच नाही हो, हे बायकांनीही खेळायचं असतं म्हणून." त्यांची नात आज माझ्याकडे येणाऱ्या लहान मुलींना नागपूरच्या दिव्या देशमुखचे डाव दाखवते. दिव्यानं २०२५ साली बाटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली. आता कुणी सांगायची गरज उरली नाही.

पुढच्या गणेशोत्सवात ती मुलगी स्पर्धेत उतरली. योगायोगानं समोर तोच मुलगा. यंदाही त्याच्याकडे पांढरी सोंगटी. वजीर एच५ वर आला. ती थांबली, आजीकडे न बघता घोडा सी६ वर ठेवला. उंट आला, तिनं जी६ केलं. वजीर एफ३ वर गेला, तिनं दुसरा घोडा आडवा घातला. या वेळी कुणी ओरडलं नाही.

ती जिंकली असं सांगितलं तर भाषण छान संपेल. पण ती हरली. तो तिच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा होता, अनुभवी होता, शेवटी त्यानं एक प्यादं पुढे काढलं आणि त्याचा वजीर केला. पण डाव तासभर चालला. आरती थांबली होती! डाव संपल्यावर तिनं त्याच्याशी हात मिळवला, सोंगट्या डब्यात भरल्या आणि माझ्याजवळ येऊन म्हणाली, "काका, या वेळी माझे सगळे खेळले."

मला लिफ्टमध्ये जे उत्तर देता आलं नव्हतं ते तिनं दिलं. सुरुवात शिकायची ती लवकर जिंकायला नाही. आपले सगळे मोहरे खेळायला मिळावेत म्हणून. त्यानंतर हरलात तरी तो डाव तुमचा असतो. चार चालींत हरलेल्याला काय चुकलं हे कळत नाही, तो फक्त घाबरतो. तासभर खेळून हरलेल्याला एक जागा सापडते, इथे चुकलो. आणि तो उद्या परत येतो.

तेव्हापासून मी नियम केला. फसवायचा डाव शिकवायचा तर त्याच दिवशी, त्याच तासाला, त्यातून सुटायची वाटही शिकवायची. आणि जो त्या दिवशी आला नसेल त्याच्या घरी निरोप पाठवायचा. पालकांना एकच विनंती. मोबाइलवर सुरुवातीच्या चालींचे शेकडो व्हिडिओ आहेत. मुलांना बघू द्या, पण बघून झाल्यावर आजींसारखं विचारा, "का?" मुलाला सांगता आलं तर तो शिकला. नाही आलं तर त्यानं नुसतं पाठ केलंय.

तो मुलगा आता इंजिनिअरिंगला आहे. सुट्टीत आला की लहान मुलांना घेऊन बसतो आणि पहिल्या दिवशी वजीर डब्यातच ठेवतो, बाकीच्या सोंगट्यांनी खेळायला लावतो. ती मुलगी दहावीत आहे. आणि आजी समोर पहिल्या रांगेत बसल्या आहेत. मगाशी मी किल्लेकोटाबद्दल बोलत असताना त्यांनी मान हलवली, म्हणजे माझं बरोबर होतं. चुकलं असतं तर त्यांनी मला इथेच थांबवलं असतं.

कार्यकारिणीनं क्लब हाउससाठी आणखी चार पट आणि एक कपाट मंजूर केलं आहे, त्याबद्दल मनापासून आभार. कपाटाची किल्ली वॉचमनच्या केबिनमध्ये असेल. कुणीही मागावी, खेळावं, आणि जाताना बत्तीस सोंगट्या मोजून ठेवाव्यात. गेल्या वर्षी एक काळा उंट हरवला होता. त्याच्या जागी अजून बाटलीचं झाकण उभं आहे. ज्याच्या घरी तो असेल त्यानं गुपचूप आणून ठेवावा, नाव विचारलं जाणार नाही.

सचिव घड्याळ दाखवताहेत. एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो. ज्यांना आत्ताच खेळायचं असेल त्यांनी मागच्या टेबलांवर या. पांढरी सोंगटी तुम्ही घ्या. पहिली चाल ई४.